रुमालाखालची चार बोटं

उस्मान,

ज्याची पोच मिळणार नाही असे पत्र मी आजवर कोणालाही लिहिलेले नाही. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत ज्याला ज्याला लिहिले त्याला रजिस्टर ए.डी.नेच लिहिले, आणि पोचपावती परत आली नाही तर टपाल खात्याला त्याबद्दल वेगळे पत्र लिहिले. तू त्यावर हसायचास. "वकील, तुझ्या पत्रांच्या वजनानं एखाद दिवशी ओतूरच्या पोष्टाची भिंत खचंल," म्हणायचास. आज तुलाच लिहायला बसलो आहे, आणि पत्ता काय घालावा हे कळत नाही.

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. लोक समाचाराला माझ्याकडेही येतात, जणू मी तुझा भाऊच. "लई शांत माणूस," म्हणतात. "सरकारात मोठ्या जागंवर व्हता म्हणं. पण नेमकं काय करायचा वो उस्मानभाई?" मी म्हणतो, "केंद्राच्या एका कार्यालयात होता. कागदपत्रांचे काम." हे वाक्य तूच मला शिकवलेस. तू होतास तोवर ते मी तुझ्यासाठी बोलत होतो. आता कोणासाठी बोलतो? तुझे तोंड कायमचे मिटले, तरी तुझ्या गुपिताची चाकरी माझ्या मानेवरून उतरत नाही, याचा मला संताप येतो. पुढच्याच क्षणी वाटते, खरे सांगून टाकले असते तर तुला तोंड कसे दाखवले असते? तोंड दाखवण्याचा प्रश्नच आता उरलेला नाही, हे ध्यानात यायला दर वेळी थोडा वेळ लागतो.

म्हणणे मांडण्याआधी वस्तुस्थिती लिहावी, ही माझी सवय तुला ठाऊक आहे; म्हणून तुला माहीत असलेलेच पुन्हा लिहितो. तू आयुष्यभर सरकारच्या गुप्त खबरांच्या खात्यात नोकरी केलीस. मी जुन्नरच्या न्यायालयात वकिली केली आणि उरलेला वेळ सरकारकडून लेखी उत्तरे काढण्यात घालवला. माझा मुलगा अभय परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या एका तांत्रिक पदासाठी निवडला गेला. पेढे वाटून झाले. मग चारित्र्य-पडताळणी झाली आणि एका ओळीचे पत्र आले: पडताळणीअंती नेमणूक देता येत नाही. कारण नाही, आरोप नाही, उत्तर देण्याची संधी नाही. कोणीतरी, कुठेतरी, त्याच्याविषयी काहीतरी सांगितले होते आणि कोणीतरी ते लिहून घेतले होते. त्या काळात आपल्या भागाचे काम तुझ्याकडे होते, असा माझा समज आहे. समज म्हणतो, कारण पुरावा नाही.

तो अहवाल तू लिहिलास का? एवढाच माझा प्रश्न होता. तो घेऊन मी तुझ्यापाशी किती वेळा आलो, आणि तू तो तसाच ठेवून गेलास.

तुझ्या गुप्ततेला घरातही सुट्टी नसायची. रेहानाभाभी सांगायच्या, "भाईसाब, यांना इचारा जेवले का, तर म्हणतील, कोण इचारतंय?" ओतूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात तू कायम दाराकडे तोंड करून बसायचास, त्यामुळे माझी पाठ दाराला असायची. इतक्या वर्षांत मी त्या हॉटेलात तू आणि तुझ्यामागचे चहापत्तीचे कॅलेंडर यांखेरीज काही पाहिले नाही. तू मात्र माझ्याशी बोलता बोलता सगळा स्टँड पाहत असायचास. "कोण आलं रे?" मी विचारायचो. "एस.टी. आली," तू सांगायचास. तेवढी माहिती मात्र तुझ्याकडून विनाअर्ज मिळायची.

आपल्या वादाचे मूळ बेल्ह्याच्या बैलबाजारात आहे. तुझे अब्बा जनावरांचे व्यापारी. शाळेला सुट्टी असली की ते आपल्या दोघांना टेम्पोत घालून बाजाराला न्यायचे. बैल भर उन्हात उभा असायचा. येणारा-जाणारा त्याचे दात बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा, चार पावले चालवून पाहायचा. भाव मात्र अब्बांच्या खांद्यावरच्या रुमालाखाली चालायचा. दोन माणसे हातात हात घालायची, वर रुमाल पडायचा, आणि आत एकमेकांची बोटे धरून बोली व्हायची. तोंडातून एक शब्द नाही आणि चेहऱ्यावर रेषा नाही. मी अब्बांना विचारले होते, "मोठ्यानं का नाही बोलत?" ते म्हणाले, "मोठ्यानं बोललो आन सौदा मोडला, तर सगळ्या बाजारात बैलाचा भाव पडंल ना बाळा. त्या गरिबाला उद्या त्यो दुसऱ्याला इकायचाय."

तुला ते पटले. मला ती लबाडी वाटली. आपण दोघे आपापल्या कामाला त्याच दिवशी लागलो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

नोकरीत मुरल्यावर तू हाच दाखला माझ्या अंगावर टाकायचास. "बघ वकील, जनावर उघड्यावर, भाव रुमालाखाली. तरी बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालतोय का न्हाई? समदंच उघडं केलं तर बाजार उठंल."

"सौदा झाला की रुमाल काढतात," मी म्हणायचो. "बाजार समितीची पावती फाडतात. तिच्यावर रक्कम असते, देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव असतं. तुझ्या खात्याची पावती कुठं आहे?"

तू बशीतला चहा संपवायचास. "आमचा सौदा संपतच न्हाई, राव."

"लोकशाहीत न संपणारा सौदा नसतो, उस्मान."

"तुझ्या पुस्तकात नसंल."

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायचे. त्यांना वाटायचे, दोन म्हातारे बैलावरून भांडताहेत.

मी एकतर्फी नोंद ठेवणारा माणूस नाही, म्हणून हेही लिहितो. जुन्नरात एकदा सणाच्या तोंडावर वातावरण बिघडले होते. कोणीतरी काहीतरी पसरवले. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागल्या आणि चौकात पोरे जमू लागली, तुमच्याकडचीही आणि आमच्याकडचीही. तू सुट्टीवर आलो म्हणालास आणि दिवसभर गावात नुसता चहा पीत हिंडलास. अत्तरवाल्यापाशी बसलास, भाजीच्या आडत्यापाशी बसलास, कोणाच्या तरी ओट्यावर डुलकीही काढलीस. संध्याकाळी फळ्या उघडल्या. माझी बायको आणि रेहानाभाभी दोघी मिळून बांगड्या भरायला गेल्या. मी तुला विचारले, "तू नेमकं काय केलंस?" तू पोट धरून म्हणालास, "चहा पिलो. लई ॲसिडिटी झाली."

जे घडले नाही त्याचा पंचनामा करता येत नाही. न घडलेल्या गुन्ह्यावर मी न्यायालयात कधी युक्तिवाद केलेला नाही. त्या संध्याकाळबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते, पण कशाबद्दल मानले असते? नोंदीप्रमाणे तू केवळ चहा प्यायला होतास.

आणि मढ. एका सकाळी तू म्हणालास, "चल, मढला जाऊन तांदूळ आणू." ओतूरला तांदूळ मिळत नाही का, असे मी विचारले, तू उत्तर दिले नाहीस, म्हणजे नेहमीसारखाच वागलास. आपण एस.टी.ने गेलो. रस्त्याकडेच्या एका घरी तू तांदळाची घासाघीस करत बसलास, इतकी की त्या बाईला शेवटी हसू आले. तेवढ्यात वरच्या आळीतून एक अंत्ययात्रा खाली आली. तू बोलता बोलता थांबलास, कोणीही वाटसरू थांबेल तसा रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलास आणि डोक्यावरची टोपी काढलीस. मेलेल्याच्या मुलाने तुझ्याकडे पाहिले, अनोळखी माणसाकडे पाहावे तसे. यात्रा वळणाआड गेली. तू परत येऊन म्हणालास, "द्या बाई, तुमचाच भाव खरा."

परतीच्या वाटेवर तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन तू खिडकीशी बसलास. स्टँडवर उतरताना म्हणालास, "त्या माणसानं येकदा लई लोकांचा जीव वाचीवला. त्याच्या बायकूला ते म्हाईत न्हाई. आन मी तिला सांगू शकत न्हाई."

"आता तर तो गेला," मी म्हणालो. "आता सांगायला काय हरकत?"

"त्यो गेला. ज्यांच्याबद्दल त्यानं सांगितलं, ते हायेत. त्याची पोरं बी हायेत."

अर्धा तांदूळ तू मला दिलास. बायकोने त्याचा भात केला. चांगला वाफाळता, सुवासाचा भात होता, पण मी ताट तसेच बाजूला सारले.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम आठ मी तोवर पाठ केले होते. विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड होऊन कोणाच्या जिवाला धोका पोचणार असेल तर ती माहिती देण्याचे बंधन नाही, असे तिथे म्हटले आहे. त्या उपकलमाला मी भर सभेत सरकारची पळवाट म्हटलेले आहे. मढहून आल्यावर ते वाचायला घेतले की मला रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभा असलेला माणूस दिसू लागला. तू माझे कायद्याचे वाचनसुद्धा बिघडवून ठेवलेस.

पण उस्मान, त्याच कायद्यात कलम दहाही आहे! जे झाकणे आवश्यक आहे ते वगळावे आणि उरलेले द्यावे, असे ते स्पष्ट सांगते. मी तेवढेच मागत होतो. सांगणाऱ्याच्या नावावर काळी पट्टी मारा, पण माझ्या मुलावर आरोप काय होता ते तर सांगा. तुझ्या खात्याने काय उत्तर दिले? कलम चोवीसप्रमाणे हा कायदा आम्हाला लागू नाही. एक ओळ! मी उलट लिहिले की त्याच कलमात मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा अपवाद आहे, आणि एका तरुणाला न सांगता, न ऐकता नोकरीच्या दारातून माघारी लावणे हे उल्लंघन नसेल तर उल्लंघन म्हणजे काय, याची व्याख्या कळवावी. पुन्हा एक ओळ. फाशीच्या कैद्यालासुद्धा आपल्यावरचा आरोप ऐकायला मिळतो. माझ्या मुलाला मिळाला नाही.

नेमणूक नाकारल्याचे ते पत्र आले त्या दिवशी मी तडक जुन्नरला तुझ्या घरी आलो होतो. तू अंगणात आकडीने शेवग्याच्या शेंगा काढत होतास. मी विचारले. तू आकडी खाली न घेता म्हणालास, "मी त्या कामावर व्हतो असं बी म्हणणार न्हाई, नव्हतो असं बी म्हणणार न्हाई."

"हे उत्तर तुझ्या साहेबाला दे. मी अभयचा बाप आहे."

"म्हणूनच," तू म्हणालास.

म्हणूनच काय? तू शेंगांची जुडी बांधून माझ्या हातात ठेवलीस: "वहिनींना दे." मी ती तुझ्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आणि निघालो. मागून तुझा आवाज आला, "वकील, येक ऐक. ज्यानं सांगितलं असंल त्यो वाईटच असंल असं न्हाई. नाव उघडून तुला सुख लागायचं न्हाई."

हे वाक्य बोलला नसतास तर बरे झाले असते. त्या दिवसापासून मी त्या मोकळ्या जागेवर एकेक नाव बसवून पाहिले. शेजारी, चुलतभाऊ, अभयचे मित्र, त्याचे शिक्षक. एकदा जेवताना बायको वाढत होती आणि मी तिच्याकडे पाहत राहिलो. "असं काय बघताय?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. तुझी गुप्तता एका माणसाला वाचवत असेल, पण तिने माझ्या ओळखीचा प्रत्येक माणूस आरोपी करून ठेवला. हा हिशेब तुझे खाते कुठे मांडते का?

तो सारा मोसम आपण बोललो नाही. मग एक दिवस हॉटेलात मी पाठ दाराकडे करून बसलो होतो, आणि तू समोर येऊन बसलास आणि म्हणालास, "एस.टी. आली." झाले.

आता तुझ्या शेवटच्या दुखण्यातली, दवाखान्यातली ती दुपार. भाभी औषधे आणायला खाली गेल्या होत्या. तुझ्या तोंडावर मास्क होता. विचारू नये हे मला कळत होते, आणि नंतर विचारता येणार नाही हेही कळत होते. मी वाकून म्हणालो, "उस्मान, आता तरी सांग. अभयचं तूच लिहिलंस का?" तू आधी दाराकडे पाहिलेस. त्या अवस्थेतही! मग माझा उजवा हात धरलास, दुसऱ्या हाताने चादर ओढून दोघांच्या हातांवर घेतलीस, आणि आत माझी चार बोटे घट्ट आवळलीस. थोड्या वेळाने करंगळी सोडलीस. तीन धरून ठेवलीस.

मी काय केले ते तुला माहीत आहे. मला वाटले, तुला थंडी वाजते आहे. मी हात काढून घेतला, चादर तुझ्या गळ्यापर्यंत सारखी केली आणि हाक मारली, "सिस्टर, पेशंटला थंडी वाजते, एक ब्लँकेट द्या." तिने ते आणलेही. तू माझ्याकडे पाहिलेस. भलतेच कलम वाचून दाखवणाऱ्या वकिलाकडे न्यायाधीश बघतो तसे. मग डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

कब्रस्तानात मूठमाती देताना माझा हात भुसभुशीत मातीत मनगटापर्यंत गेला, दिसेनासा झाला, आणि तिथेच मला बेल्ह्याचा रुमाल आठवला. मी वाकलेला तसाच राहिलो. मागची माणसे खोळंबली. अभयने मला दंडाला धरून बाजूला घेतले. त्याने तुला खांदा दिला होता. "चाचांना खांदा मी देणार," म्हणाला. मी काय सांगून अडवणार होतो? बाहेर रस्त्यावर एक माणूस मोटारसायकल लावून, हेल्मेट काढून उभा होता. आत आला नाही. ते उभे राहणे माझ्या ओळखीचे होते. मी त्याच्याकडे चालू लागलो. तू कोण, उस्मान तुझा कोण, माझ्या मुलाविषयी तू काही बोलला होतास का, हे सगळे माझ्या ओठांवर होते. त्याने माझ्याकडे पाहिले, अनोळखी माणसाकडे पाहावे तसे. मी वळलो आणि नळावर जाऊन हात धुतले. कदाचित तो फक्त रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत असेल. तुझ्या संगतीने मला रस्त्यात थांबलेला कोणताही माणूस साधा दिसेनासा झाला आहे.

गेल्या बाजाराला मी बेल्ह्याला गेलो. सखाराम दलाल अजून आहे. तुझ्या अब्बांच्या हाताखाली तयार झालेला.

"रामराम वकीलसायेब! या वयात बैल घेता का काय?"

"एक विचारायचं आहे."

"इचारा की. मी काय तुमच्यावानी फी घेत न्हाई."

मी त्याच्या रुमालाखाली हात घातला, तू धरलीस तशी त्याची चार बोटे धरली आणि करंगळी सोडली. "याचा अर्थ काय होतो?"

"चार म्हणून तिनावर आला. उतरला."

"कोण उतरला?"

"ते जनावर बघून ठरतंय. पुढ्यात काय व्हतं?"

"जनावर नव्हतं."

त्याने मला खालून वर न्याहाळले. "मंग भाव कशाचा?"

हे मी सांगू शकलो नाही. भर बाजारात, उजेडात, मी तोंड मिटून उभा राहिलो.

"बरं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "चार म्हंजी काय? शंभराचं चार का हजाराचं?"

"ते ठाऊक नाही."

"आवो, मंग कसं? ते दोघांनी आधीच समजून घेतलेलं असतंय. तिसऱ्यानं रुमालात तोंड घातलं तरी त्याला काय बी कळायचं न्हाई."

"तिसरा नाही. त्या दोघांतला एक मीच होतो."

"मंग तुमी फुडं काय धरलं?"

"मी हात काढून घेतला."

"आरारा!" त्याने पानाची पिंक टाकली. "मंग सौदा अर्ध्यातच ऱ्हायला की वो. त्यो बिचारा तीन धरून बसला असंल."

तेव्हापासून मी अर्थ लावतो आहे. अभयविरुद्ध जे आले होते ते याहून जड होते, त्यातून पोलीस-प्रकरण व्हायचे होते, आणि तू ते एका बोटाने हलके केलेस. म्हणून त्याची केवळ नोकरी गेली, असे तुला सांगायचे होते का? तसे असेल तर लिहिणारा तूच, आणि वाचवणाराही तूच. की आयुष्यभराच्या मौनातून तू माझ्यासाठी एक पायरी उतरलास, आणि पुढचे बोलणे मी हात काढल्यामुळे राहिले? की यातले काहीच नव्हते, आणि मरणाऱ्या माणसाच्या हातून करंगळी आपोआप निसटली? मृत्यूपूर्व जबानी नुसत्या खुणांनी दिलेली असली तरी न्यायालय ती ग्राह्य धरू शकते, पण ती मरणाच्या कारणापुरती, आणि खूण पाहणाऱ्याला तिचा अर्थ कळत असला तर. मी तर तिचा अर्थ ब्लँकेट असा लावला!

माहिती आयोगापुढच्या माझ्या दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीची नोटीस आली आहे. अपिलात तीन मागण्या आहेत: अभयविषयी काय लिहिले, कोणी लिहिले, कोणी सांगितले. नोटीस घेऊन मी अभयच्या दुकानात गेलो. ओतूरला त्याचे ठिबक सिंचनाचे दुकान आता चांगले चालते. तो नळ्यांचे वेटोळे बांधत होता.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी भांडताय का स्वतःसाठी? चाचा गेले. राहू द्या की आता."

"तुझ्याविषयी काय लिहिलं ते तुला जाणून घ्यायचं नाही?"

त्याने गाठ आवळली. "घ्यायचंय," म्हणाला. "पण चाचांनी लिहिलं असलं, तर नकोय."

कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात या उत्तराला रकाना नाही. मी घरी येऊन तिन्ही मागण्या समोर ठेवल्या. तिसरी खोडली, ती मी मढच्या माणसासाठी खोडली, आणि मोटारसायकलवाल्यासाठीही, तो कोणी असो वा नसो. पहिली मी सोडणार नाही. मला ओढत बाहेर काढले तरी नाही. दुसरीवर, म्हणजे तुझ्यावर, पेन थांबले. ती ठेवली तर अभयचा चाचा जाईल. खोडली तर तुला मी मनात दोषी धरले आणि वरून चादर ओढली, असा अर्थ होईल. मग तुझ्या खात्यात आणि माझ्यात फरक तो काय?

शेवटी दुसरीही मागे घेतली आणि तिच्या जागी एक वेगळा प्रश्न लिहिला. अपिलात नवी मागणी घालता येत नाही, म्हणून त्यासाठी नवा अर्ज केला, अगदी पहिल्या पायरीपासून. अभयविषयी आधी प्रस्तावित केलेला अभिप्राय आणि अखेर नोंदवलेला अभिप्राय यांत काही फरक करण्यात आला काय? असल्यास तो वाढवण्यात आला की कमी करण्यात आला? कोणाचेही नाव देऊ नये. फक्त चाराचे तीन झाले का, एवढेच सांगावे. हे मी उशिरा धरलेले बोट समज.

उत्तर एका ओळीचे येईल हे मला माहीत आहे. त्यावर अपील, मग दुसरे अपील. या वयात पहिल्या पायरीवर उभा राहणारा माणूस शेवटच्या पायरीला पोचतोच असे नाही. तरी पोचपावती आली आहे.

काल हॉटेलात अभयने तो अर्ज वाचला. मी तुझ्या जागेवर बसलो होतो, पहिल्यांदाच. समोर दार आणि सगळा स्टँड. कॅलेंडर माझ्या पाठीमागे गेले होते.

"बाबा, यात चाचांचं नाव नाही."

"नाही."

"मग शेवटी चाचा तुम्हाला काय म्हणाले? चाची म्हणत होत्या, तुम्ही एकटेच होतात त्यांच्याजवळ."

मी आधी दाराकडे पाहिले. एस.टी. आली होती, माणसे उतरत होती. मग टेबलाखाली त्याचा हात घेतला, खांद्यावरचा पंचा त्यावर टाकला आणि त्याची चार बोटे धरली. जरा वेळाने करंगळी सोडली.

"म्हणजे काय?" अभय म्हणाला.

या वेळी मी हात काढला नाही.